मुंबई ते लंडन : विमानाचे अंतर किती, प्रवासाला वेळ किती?

सप्टेंबरमध्ये लंडनच्या विद्यापीठात हजर व्हायचे असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये आम्हाला फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला : "विमानाला किती तास लागतात?"

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. हा फरक वाऱ्यामुळे पडतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते परतीच्या विमानाला पुढे रेटतात. शिवाय विमान प्रत्येक वेळी सर्वांत जवळच्या वाटेने जातेच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला. म्हणून जुन्या माहितीवर न जाता तिकिटावरची वेळ पाहावी.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. सप्टेंबरमध्ये मुंबईहून रात्री २ ला निघालेले विमान दहा तासांनी उतरले, तर तिथे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. "साडेपाच तासांत पोचला!" असे घरचे कौतुकाने सांगतात, ते यामुळे. आणखी एक : रात्री २ म्हणजे तारीख बदललेली असते. १२ तारखेचे विमान असेल तर ११ च्या रात्रीच विमानतळावर हवे.

पण आपल्या मुलामुलींचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही. तो नांदेड, यवतमाळ, परभणीत सुरू होतो. आमच्या ओळखीचा एक विद्यार्थी विमानाच्याच दिवशी मुंबईत पोचणाऱ्या रेल्वेने निघाला. गाडी पाच तास उशिरा आली, विमान गेले. नव्या तिकिटासाठी वस्तीने वर्गणी काढली. एक दिवस आधी मुंबई गाठली असती तर हे टळले असते.

नागपूरहून विमानाने मुंबईला येऊन पुढचे विमान पकडणार असाल, तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे स्वस्त दिसतात, पण पहिले विमान लेट झाले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. सामानही स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते. त्यात टर्मिनल १ वर उतरलात तर टर्मिनल २ ला रस्त्याने जावे लागते, आणि मुंबईचा पाऊस सप्टेंबरमध्ये संपलेला नसतो.

आखाती देशांतून विमान बदलून जाणे बरेचदा स्वस्त पडते. मधल्या थांब्यासह चौदा-पंधरा तास किंवा जास्तही लागतात. तिथला थांबा तासाभराचा असेल तर ते तिकीट आम्ही घेऊ देत नाही. तीन तास बरे.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत विमानभाड्याची तरतूद आहे. मुंबईतल्या मुक्कामाचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.