स्वस्त रिमफायर रायफल आणि अचूकतेची कसोटी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात तोफा, किल्ले आणि निर्णायक लढाया यांचा अभ्यास जेवढा झाला, तेवढा सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या बंदुकीचा झालेला नाही. .२२ इंची रिमफायर रायफल ही अशीच एक दुर्लक्षित वस्तू होय. या रायफलीने कोणतेही युद्ध जिंकले नाही. तथापि नेमबाजी शिकणाऱ्या जगातील असंख्य व्यक्तींनी पहिली गोळी झाडली ती याच रायफलीतून. आपल्याकडील महाविद्यालयांतही राष्ट्रीय छात्रसेनेच्या अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना चांदमारीचा पहिला अनुभव .२२ रायफलीनेच दिला.

या रायफलीची किंमत कमी, तिच्या काडतुसाची किंमत त्याहून कमी. साहजिकच 'एवढी स्वस्त रायफल कितपत अचूक असू शकते?' हा प्रश्न तिच्या जन्मापासून विचारला जात आहे. प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु अचूकता म्हणजे काय, ती मोजायची कशी आणि ती मोजून पाहण्याची संधी कोणाला मिळते, हे तीन प्रश्न त्यात दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात या तिन्ही प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

रिमफायर काडतुसाचा उगम

रिमफायर काडतुसात ठिणगी देणारे स्फोटक मिश्रण धातूच्या टोपणाच्या तळाशी असलेल्या कडेच्या पोकळीत भरलेले असते. रायफलीची आघातकील त्या कडेवर आपटली की मिश्रण पेटते आणि गोळी सुटते. पॅरिस येथील लुई-निकोला फ्लोबेर यांनी १८४५ मध्ये अशा प्रकारचे छोटे काडतूस तयार केले. त्यात वेगळी दारू नव्हती. केवळ स्फोटक मिश्रणाच्या जोरावर गोळी बाहेर पडे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील करमणूक एवढाच त्याचा प्रारंभीचा उपयोग होता. १८५७ मध्ये अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने त्यात काळी दारू घालून .२२ शॉर्ट हे काडतूस रिव्हॉल्व्हरसाठी बाजारात आणले. पुढे १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल हे काडतूस तयार केले. त्यातील गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही हेच काडतूस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत वापरले जाते.

या काडतुसाच्या रचनेतच रायफल स्वस्त होण्याचे कारण आहे. लष्करी .३०३ काडतुसाच्या तुलनेत .२२ लाँग रायफलच्या स्फोटाचा दाब सुमारे निम्मा असतो. गोळी मऊ शिशाची असते. त्यामुळे अतिशय कठीण पोलादाची नळी, अवजड कुलूपरचना किंवा जाड दस्ता यांची गरज भासत नाही. शिशाच्या गोळीने नळीतील सर्पिल खाचांची झीजही अत्यल्प होते. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवर आधारलेली विंचेस्टर कंपनीची १९०० सालची एकबारी रायफल हे या साधेपणाचे उत्तम उदाहरण होय. मोजके भाग, साधा लाकडी दस्ता आणि उघडी माशी असे तिचे स्वरूप होते. मुलांच्या हाती देता येईल अशी ही रायफल होती. थोडक्यात, स्वस्त रायफलीच्या नळीत मुळातच पुरेशी अचूकता असू शकत होती. ती सिद्ध करण्याची रीत मात्र अद्याप घडायची होती.

बोअर युद्ध आणि छोट्या रेंजची चळवळ

ही रीत घडवण्यास एक लष्करी पराभव कारणीभूत ठरला. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका आठवड्याच्या आत स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्सो येथे ब्रिटिश सैन्याला बोअरांकडून मार खावा लागला. शेतकरी असलेले बोअर दुरून अचूक नेम साधत होते आणि शहरांत वाढलेले ब्रिटिश शिपाई त्यात कमी पडत होते, अशी भावना इंग्लंडमध्ये बळावली. सर्वसामान्य नागरिकाला नेमबाजी आली पाहिजे, हा विचार त्यातून पुढे आला.

अडचण जागेची आणि पैशाची होती. लष्करी रायफलीच्या रेंजसाठी शेकडो यार्ड लांबीची सुरक्षित मोकळी जमीन लागे. औद्योगिक शहरांतील कामगाराला ती उपलब्ध नव्हती, आणि लष्करी काडतुसांचा खर्चही त्याला पेलणारा नव्हता. .२२ रायफलीने ही अडचण दूर केली. २५ यार्डांची रेंज एखाद्या सभागृहात किंवा तळघरातही उभारता येत असे. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था इंग्लंडमध्ये स्थापन झाली, आणि १९०३ मध्ये तिचे रूपांतर 'सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज' मध्ये झाले. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स हे या चळवळीचे प्रमुख पुरस्कर्ते होते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छोट्या रायफलीच्या स्पर्धांचा समावेश झाला, यावरून या चळवळीच्या प्रसाराची कल्पना येते.

या क्लबांनी अंतर कमी करताना लक्ष्यही त्याच प्रमाणात लहान केले, ही गोष्ट अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लक्ष्याने डोळ्याशी केलेला कोन कायम राहिला, तर २५ यार्डांवरही दूरच्या लक्ष्याइतकाच बारीक नेम धरावा लागतो. अचूकता ही अंतराने नव्हे तर कोनाने मोजावयाची, हे तत्त्व अशा रीतीने सामान्य नेमबाजापर्यंत पोहोचले. आजही रायफलीची अचूकता कोनाच्या मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात सांगतात. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर एक इंचाहून किंचित अधिक, तर ५० मीटरवर सुमारे १४.५ मिलिमीटर. अर्थात वाऱ्याचा अंदाज आणि अंतराचा अदमास या दोन गोष्टी बंदिस्त रेंजवर शिकता येत नाहीत, ही तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे.

अचूकता मोजण्याच्या रीती

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी स्पर्धांत दोरीने मोजण्याची पद्धत रूढ होती. लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक छिद्रापर्यंतचे अंतर मोजून सर्वांची बेरीज करीत. ज्याची बेरीज कमी तो विजयी. या रीतीत नेमबाजाचे कौशल्य, माशीची जुळणी आणि रायफलीचा गुण ही सगळी एकाच आकड्यात मिसळून जात. रायफलीचा दोष कोणता आणि माणसाचा कोणता, हे त्यावरून कळत नसे.

हा गुंता सोडवण्याचा चिकाटीचा प्रयत्न मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांनी केला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अनेक वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष आहेत. त्यांनी नळी जड, अचल बैठकीवर बसवून माणसाचा हात आणि डोळा प्रयोगातून वगळला. गोळीचा तोल बिघडलेला असेल किंवा तिचा तळ दुखावलेला असेल तर उत्तम नळीतूनही गोळ्या विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिले. मान यांचे प्रयोग प्रामुख्याने रिमफायरवर नव्हते. परंतु त्यांचा धडा स्वस्त रिमफायर रायफलीला तंतोतंत लागू पडतो. येथे गोळी व काडतूस कारखान्यातून येईल तसे वापरावे लागते. नेमबाजाला त्यात बदल करता येत नाही.

या संदर्भात एक साधे गणित उद्बोधक ठरेल. सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा १० मीटरने कमी असेल, तर इतर सर्व गोष्टी समान धरूनही ती गोळी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागेल. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजेच केवळ काडतुसांतील विषमता चांगल्या नेमावर पाणी फिरवू शकते. म्हणूनच अव्वल नेमबाज आपली रायफल कारखान्याच्या चाचणी रेंजवर नेऊन तिला मानवणारा काडतुसांचा विशिष्ट साठा निवडतात. स्वस्त रायफलीच्या बाबतीतही नळीइतकेच महत्त्व काडतुसाच्या निवडीला आहे.

काडतुसाचा आणखी एक परिणाम इतिहासात दिसतो. जुन्या स्फोटक मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत क्षार उरत आणि दमट हवेत नळी गंजे. रायफल वापरून तशीच ठेवून दिली की काही दिवसांत तिची अचूकता ढळे आणि दोष मात्र रायफलीच्या स्वस्तपणाला दिला जाई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारी मिश्रणे अमेरिकी बाजारात आली, तेव्हा स्वस्त रायफलीचे आयुष्य आपोआप वाढले.

गोळ्यांची संख्या आणि चाचणीतील प्रामाणिकपणा

विसाव्या शतकात गोळ्यांच्या समूहाचा व्यास मोजण्याची पद्धत सर्वमान्य झाली. एकाच बिंदूवर नेम धरून काही गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतील अंतर मोजायचे, अशी ही रीत आहे. छात्रसेनेतील विद्यार्थ्यांना 'ग्रुपिंग' या नावाने ती परिचित आहे. समूह लक्ष्याच्या मध्यापासून दूर पडला तरी चालतो, कारण माशी जुळवून तो सरकवता येतो. समूहाचा विखुरलेपणा मात्र माशी जुळवून कमी होत नाही.

ही रीत सोपी असली तरी फसवी आहे. रायफल तीच, काडतूस तेच आणि नेमबाज तोच असला तरी समूहाचा व्यास गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या गृहीतकांनुसार पाच गोळ्यांचा सरासरी समूह तीन गोळ्यांच्या समूहापेक्षा सुमारे सव्वापट, तर दहा गोळ्यांचा दीडपटीहून अधिक मोठा असतो. अनेक समूहांतून सर्वांत लहान तेवढा निवडून दाखवला, तर सुमार रायफलही उत्कृष्ट ठरते. म्हणून स्वस्त रायफलीची चाचणी घेताना नळी टेकूवर स्थिर ठेवणे, काडतुसाचा प्रकार बदलल्यावर सुरुवातीच्या काही गोळ्या गणनेत न धरणे, प्रत्येक प्रकाराचे दहा गोळ्यांचे अनेक समूह घेणे आणि चांगले-वाईट सर्व समूह नोंदवणे आवश्यक ठरते. चाप जड आहे आणि माशी ओबडधोबड आहे, हे स्वस्त रायफलीचे खरे दोष होत. त्यांचा त्रास नेमबाजाला होतो. नळीच्या गुणाशी त्यांचा संबंध नसतो. टेकूवरची चाचणी आणि हातातली चाचणी वेगवेगळी घेतली तरच हा भेद स्पष्ट होतो.

वसाहतीतील विरोधाभास

आतापर्यंतची हकिकत इंग्लंड-अमेरिकेची झाली. त्याच काळातील हिंदुस्थानचे चित्र निराळे होते. छोट्या रेंजच्या चळवळीचे पुरस्कर्ते लॉर्ड रॉबर्ट्स यांचा जन्म १८३२ मध्ये कानपूर येथे झाला होता, आणि १८८५ ते १८९३ या काळात ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते. इंग्लंडमधील कामगाराच्या हाती रायफल द्यावी असे सांगणाऱ्या साम्राज्यानेच १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये हिंदी प्रजेला परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली होती, तर युरोपियनांना त्यातून सूट होती. या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात आवाज उठवला. रायफल स्वस्त होती, रेंज छोटी होती, मोजण्याची रीत सोपी होती. परंतु ती कसोटी देण्याचा अधिकारच येथील सामान्य माणसाला नव्हता. तंत्रज्ञानाचे लोकशाहीकरण केवळ किमतीवर अवलंबून नसते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक-अध्यक्ष होते. शस्त्रे परवान्याच्या चौकटीतच राहिली, परंतु संस्थांच्या द्वारे नेमबाजी शिकण्याचा मार्ग खुला झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. त्यांच्या रायफली अर्थातच महागड्या होत्या. पण त्यांत वापरले गेलेले काडतूस १८८७ चेच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, रिमफायर रायफलीची किंमत आणि तिची अचूकता यांचे नाते सरळ नाही. कमी दाब, मऊ गोळी आणि साधी रचना यांमुळे स्वस्त नळीही चांगला समूह देऊ शकते. दुसरा, आपण ज्याला रायफलीची अचूकता म्हणतो ती वास्तविक नळी, काडतूस, नेमबाज आणि मोजण्याची रीत या चौघांची बेरीज असते. यांपैकी तिघांना स्थिर ठेवल्याशिवाय चौथ्याबद्दल बोलता येत नाही. तिसरा, अचूकतेच्या कसोटीला सामाजिक बाजूही आहे. रेंजच्या दारातून कोण आत जाऊ शकतो, हे ज्या समाजात जन्मावरून ठरते, तेथे कितीही काटेकोर मोजमाप केले तरी ते अपुरेच राहते. छात्रसेनेच्या रेंजवर विद्यार्थ्याच्या हाती साधी .२२ रायफल येते, तेव्हा तिच्यामागे हा सगळा इतिहास उभा असतो. नेम शिकवताना मोजमापातील प्रामाणिकपणाही शिकवला गेला, तर त्या स्वस्त रायफलीचे शैक्षणिक मूल्य तिच्या किमतीहून कितीतरी अधिक ठरेल.