दुधाचे खोके, प्लास्टिकची बाटली आणि एक कायदेशीर विशेषण

जर्मनीतील दुकानात पाण्याची किंवा शीतपेयाची प्लास्टिकची बाटली विकत घेणाऱ्यास पेयाच्या किमतीखेरीज २५ सेंटची अनामत भरावी लागते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ही रक्कम परत मिळते. त्याच दुकानात फळांच्या रसाचे पुठ्ठ्याचे खोके घेतले तर अशी कोणतीही अनामत द्यावी लागत नाही. दोन्ही वेष्टने एकदाच वापरून टाकून देण्याची आहेत. प्लास्टिक दोहोंतही आहे. दोहोंच्या उत्पादकांच्या म्हणण्यानुसार त्यांचा माल पुन्हा उपयोगात आणता येतो. असे असता एकावर अनामत आणि दुसऱ्यास सूट हा भेद का पडावा? त्याचे उत्तर २००५ साली जर्मन वेष्टन-नियमावलीत दाखल झालेल्या एका विशेषणात सापडते. ते विशेषण म्हणजे ‘पर्यावरणदृष्ट्या सरस’. हे विशेषण कसे घडले आणि घडल्यानंतर त्याने काय केले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही दोन्ही वेष्टने जन्मास आली तेव्हा पर्यावरण हा शब्द त्यांच्या जनकांच्या मनातही नव्हता. पुठ्ठ्याच्या दुग्धपात्राचे पहिले महत्त्वाचे एकस्व १९१५ साली अमेरिकेतील टोलेडो येथील जॉन व्हान वोर्मर यांस मिळाले. पुठ्ठ्यावर मेणाचा हात देऊन केलेल्या या खोक्याचा हेतू साधा होता. काचेची बाटली परत आणणे, धुणे आणि फुटल्याचे नुकसान सोसणे या तिन्ही व्यापांतून दूधवाल्यास त्याने सोडवावयाचे होते. स्वीडनमधील लुंड येथे १९५१ साली रूबेन राउसिंग यांनी टेट्रा पॅक ही कंपनी स्थापन केली, तीही याच विचाराने. एरिक वालेनबर्ग यांनी १९४४ साली सुचविलेल्या चतुष्फलकाच्या आकाराचे, साय भरण्याचे लहानसे पाकीट १९५२ साली लुंडच्याच दुग्धशाळेत प्रथम भरले गेले. वेष्टनाने स्वतःच्या मोलाहून अधिक वाचवावे, हे राउसिंग यांचे सूत्र होते. मात्र त्या वाचविण्यात मजुरी, वाहतूक आणि जागा एवढ्याच गोष्टी धरल्या होत्या. पुढे १९६१ साली निर्जंतुक भरणीचे यंत्र आले, १९६३ साली विटेच्या आकाराचे खोके आले आणि शीतगृहाशिवाय दूध टिकविणे शक्य झाले. या सोयीची किंमत वेष्टनाच्या रचनेत मोजावी लागली. नुसत्या पुठ्ठ्याने हे काम होण्यासारखे नव्हते. निर्जंतुक भरणीच्या खोक्यात वजनाने सुमारे तीन-चतुर्थांश पुठ्ठा, एक-पंचमांश पॉलिएथिलीन आणि उरलेला सुमारे पाच टक्के भाग ॲल्युमिनियमचा असतो. केसाहून कितीतरी पातळ असा हा धातूचा पापुद्रा प्रकाश आणि प्राणवायू अडवितो; तोच पुढे पुनश्चक्रीकरणाच्या वाटेत आडवा येतो.

प्लास्टिकच्या बाटलीची जन्मकथा याहून मौजेची आहे. पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे व्यवहारातील ‘पेट’, हा पदार्थ १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधील व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधला तो कापडाच्या धाग्यासाठी. त्याची वायुयुक्त पेयाचा दाब सोसणारी बाटली घडविण्याचे एकस्व ड्यू पाँट कंपनीतील नॅथॅनिएल वायेथ यांच्या नावे १९७३ साली नोंदले गेले. (हे वायेथ विख्यात चित्रकार अँड्र्यू वायेथ यांचे बंधू.) टाकून दिलेल्या पेट-बाटल्यांचा फार मोठा भाग जगभर पुन्हा धाग्यात रूपांतरित होतो. वस्त्रासाठी जन्मलेला पदार्थ बाटलीचा जन्म घेऊन पुन्हा वस्त्रात जातो. त्या वस्त्राची मात्र सहसा पुन्हा बाटली होत नाही, आणि ‘चक्र’ हा शब्द वापरताना हे ध्यानात ठेवावयास हवे.

या वेष्टनांची पर्यावरणाच्या तराजूत तुलना करण्याचा पहिला ठळक प्रयत्नही एका पेय-कंपनीनेच करविला. १९६९ साली कोका-कोला कंपनीने अमेरिकेतील मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून निरनिराळ्या पात्रांचा हिशेब मांडून घेतला. कच्चा माल किती लागतो, ऊर्जा किती खर्च होते, कचरा किती उरतो हे पात्राच्या उगमापासून अंतापर्यंत मोजावयाचे, अशी ती पद्धत होती. तो अहवाल समग्र स्वरूपात प्रसिद्ध झाला नाही. परंतु त्याच संस्थेने अमेरिकन पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी केलेले नऊ पेयपात्रांचे विवेचन १९७४ साली प्रकाशात आले. जीवनचक्र-मूल्यमापन या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचा हा आरंभ होय. या शास्त्राचा पहिला नियम असा, की पात्राची तुलना पात्राशी न करता ठरावीक प्रमाणात पेय ग्राहकापर्यंत पोचविण्याच्या कार्याशी करावी. बाटली किती वेळा परत येते, किती मैल प्रवास करते, टाकल्यावर जाळली जाते की पुरली जाते, ही सर्व गृहीते बदलली की निष्कर्षही बदलतो. तात्पर्य, या शास्त्रातील प्रत्येक विधान स्वभावतःच सापेक्ष असते. ‘अमुक पात्र चांगले’ असे विधान त्यात करताच येत नाही. ‘अमुक परिस्थितीत, अमुक पात्रापेक्षा, अमुक बाबतीत’ ही तिन्ही पदे त्यास जोडावी लागतात.

जर्मनीने १९९१ साली, क्लाउस ट्योप्फर हे पर्यावरणमंत्री असताना, वेष्टन-नियमावली केली, त्या वेळी वादाचा विषय खोके विरुद्ध प्लास्टिक हा नव्हताच. जर्मन भाषेत पात्रांसाठी दोन शब्द रूढ आहेत. एक ‘मेअरवेग’, म्हणजे अनेक खेपांचे, आणि दुसरा ‘आइनवेग’, म्हणजे एकाच खेपेचे. धुऊन पुन्हा भरली जाणारी काचेची बाटली पहिल्या वर्गातील. खोके, डबा आणि बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्या दुसऱ्या वर्गातील. पेयांपैकी ७२ टक्के पेये अनेक खेपांच्या पात्रांतून विकली जावीत. हे प्रमाण घसरले तर एकखेपी पात्रांवर सक्तीची अनामत बसवावी, असा नियम होता. १९९७ साली प्रमाण ७२ च्या खाली गेले आणि दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर १ जानेवारी २००३ पासून बिअर, खनिजजल व वायुयुक्त शीतपेये यांच्या एकखेपी पात्रांवर अनामत लागू झाली.

याच सुमारास जर्मन पर्यावरण-कार्यालयाने पेयपात्रांचा विस्तृत तुलनात्मक अभ्यास दोन टप्प्यांत, २००० आणि २००२ साली, प्रसिद्ध केला. त्याच्या निष्कर्षाची शब्दरचना नीट पाहण्यासारखी आहे. पुठ्ठ्याचे खोके आणि पुन्हा भरावयाची काचेची बाटली यांत पर्यावरणाच्या दृष्टीने निर्णायक फरक आढळत नाही, असे तो अभ्यास सांगतो. म्हणजे दोन्ही तुल्यबळ ठरली. कारणेही उघड होती. खोके हलके असते, गुंडाळीच्या रूपाने कारखान्यात येते, चौकोनी असल्याने गाडीत जागा वाया जात नाही, आणि त्याचा मोठा भाग वनस्पतिजन्य असतो. २००५ च्या सुधारणेत या निष्कर्षाचे कायद्यात रूपांतर झाले आणि ‘तुल्यबळ’च्या जागी ‘सरस’ आले. खोके, पॉलिएथिलीनची नळीसारखी पिशवी आणि तळावर उभी राहणारी पातळ पिशवी ही तीन एकखेपी वेष्टने पर्यावरणदृष्ट्या सरस म्हणून अनामतीतून मुक्त झाली.

भाषेच्या अभ्यासकास येथे थबकावे लागते. ‘सरस’ हे विशेषण तुलना मागते. मराठीत ‘पेक्षा’ आणि जर्मनमध्ये तत्सम शब्दयोजना त्यास अपेक्षित असते. कायद्याच्या कलमात ‘पेक्षा’ गळाले. इतर एकखेपी पात्रांपेक्षा सरस असा त्याचा अर्थ लावता येतो आणि न्यायतः तोच लावावयास हवा. परंतु तुलनेचा दुसरा घटक न सांगितल्यामुळे तुलनेचा काळही लिहिला गेला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या बाटलीशी केलेली तुलना त्या बाटलीपासून सुटून खोक्याचा उपजत गुण होऊन बसली.

आणि नेमकी ती बाटलीच पुढे बदलली. ती बदलण्याचे एक मोठे कारण स्वतः अनामत होय. २५ सेंटच्या लोभाने पेट-बाटल्या दुकानात परत येऊ लागल्या. त्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले आणि, प्रमाणाहूनही महत्त्वाचे म्हणजे, त्या निवडलेल्या, स्वच्छ, एकजिनसी अशा येऊ लागल्या. उष्ट्यातून व कचऱ्यातून वेचलेल्या बाटलीपासून धागा होतो. वेगळ्या गोळा केलेल्या बाटलीपासून पुन्हा बाटली करता येते. खोक्याच्या वाट्यास अनामतीची शिस्त आली नाही. ते पिवळ्या पिशवीतून इतर वेष्टनांबरोबर जात राहिले. कागदगिरणीत पाण्यात घुसळून त्यातील धागे निघत, परंतु प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे चिकटलेले मिश्रण दीर्घकाळ सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळत असे. हे मिश्रण वेगळे करणारा कारखाना कोलोनजवळील ह्यूर्थ येथे २०२१ साली सुरू झाला, म्हणजे विशेषण मिळाल्यानंतर सोळा वर्षांनी.

यावरून खोके निकृष्ट ठरते असे मात्र म्हणता येणार नाही. तापमानवाढीस कारण होणाऱ्या वायूंचा हिशेब केला तर अनेक मूल्यमापनांत ते आजही एकखेपी पेट-बाटलीच्या पुढे राहते. हायडलबर्गच्या इफेऊ संस्थेने २०१८ साली केलेली तुलना असेच सांगते. ती कार्टन-उत्पादकांच्या संघासाठी केली होती एवढ्याने खोटी ठरत नाही. फक्त गृहीते तपासून वाचावी लागते. मुद्दा असा, की दोन्ही पात्रांची गुणवत्ता त्यांच्या द्रव्यात जितकी आहे तितकीच ती परत आणणाऱ्या व्यवस्थेतही आहे. व्यवस्था बदलू शकते, विशेषण मात्र होते तेथेच राहिले. २०१९ च्या वेष्टन-कायद्याने खोक्यांच्या पुनश्चक्रीकरणाचे लक्ष्य ७५ टक्के आणि २०२२ पासून ८० टक्के ठरविले. २०२२ पासून रसाच्या व २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवरही अनामत आली. खोक्यावर आली नाही. दरम्यान युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार जुलै २०२४ पासून झाकण पात्राला जोडलेले असणे सक्तीचे झाले, ते बाटलीप्रमाणेच खोक्यासही. तेथे मात्र खोक्यातील प्लास्टिक प्लास्टिक म्हणूनच गणले गेले.

या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला असा, की जर्मन कायद्याने सरस ठरविलेली पॉलिएथिलीनची नळीसारखी पिशवी म्हणजे येथील घरोघर येणारी दुधाची पिशवीच होय. १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्धवसाहतीचे दूध मुंबईकरांस काचेच्या बाटलीत मिळे आणि रिकामी बाटली केंद्रावर परत द्यावी लागे. ‘मेअरवेग’सारखा शब्द मराठीने घडविला नाही, पण व्यवहार तोच होता. तो व्यवहार मावळला आणि शब्दाच्या अभावाचा परिणाम मागे राहिला. आज ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द बाटली धुऊन पुन्हा भरण्यासही योजतात आणि तिचा भुगा करून धागा काढण्यासही. खोक्याच्या पाठीवरील पुनश्चक्रीकरणाचे चिन्ह वाचणारा ‘याचा पुनर्वापर होतो’ असे म्हणतो, तेव्हा होतो, होऊ शकतो आणि कोणी तरी करील या तीन भिन्न गोष्टी त्या एका वाक्यात सामावलेल्या असतात.

दुसरा संबंध रद्दीचा. ‘रद्दी’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी ‘रद्द’ धातूचे नाकारणे आणि परत करणे असे दोन्ही अर्थ आहेत, आणि येथील कचऱ्याच्या व्यवहारात दोन्ही जिवंत आहेत. सरकारी अनामतीवाचूनही भारतात पेट-बाटली परत येते, कारण तिला भंगारात भाव आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पाहणीत पेटच्या पुनरुपयोगाचे प्रमाण सुमारे ९० टक्के आढळले, त्यात घरोघरी पुन्हा पाणी भरण्यास ठेवलेल्या बाटल्याही धरल्या होत्या. खोक्याची गत वेगळी आहे. १९८५ साली फ्रूटीच्या रूपाने ते बाजारात सर्वपरिचित झाले, आणि त्याचा माल बनविणारा टेट्रा पॅकचा कारखाना पुण्याजवळ चाकण येथे आहे. तरीही रद्दीवाल्याच्या काट्यावर ते कागद म्हणून चालत नाही, कारण आत प्लास्टिक आहे. आणि प्लास्टिक म्हणूनही चालत नाही, कारण बाहेर पुठ्ठा आहे. वजनास ते इतके हलके की एक किलो भरण्यास कितीतरी खोकी वेचावी लागतात. वेचणाऱ्या बाईच्या दिवसाच्या कमाईत त्याचा भाव पडला तरच ते कागदगिरणीपर्यंत पोचणार, आणि पोचले नाही तर त्याचा वनस्पतिजन्य गुण कचराडेपोत कोणाच्या उपयोगी पडत नाही.

१९९३ साली पुण्यात कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिने नाव घेतले ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हे नाव म्हणजे तत्कालीन भंगाराचे वर्गीकरणच आहे. खोक्यात त्यांतील कागद आहे, एका अर्थी पत्राही आहे, परंतु दोन्ही एकमेकांना असे चिकटलेले की हाताने वेगळे होत नाहीत. भारत सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांची जबाबदारी ठरविताना प्लास्टिक-वेष्टनांचे चार वर्ग केले. कडक प्लास्टिकची बाटली पहिल्या वर्गात गेली. प्लास्टिकचा एक आणि अन्य द्रव्याचा किमान एक थर असलेली वेष्टने तिसऱ्या वर्गात गेली, आणि थरांच्या या हिशेबाने पेयाचे खोकेही तेथेच येते. २०२७-२८ पासून पहिल्या वर्गातील किमान ८० टक्के मालाचे पुनश्चक्रीकरण व्हावे असे त्या नियमांत आहे. तिसऱ्या वर्गासाठी हे प्रमाण ६० टक्के आहे.