जवानाच्या मनावरचे ओझे

सैनिकांच्या मानसिक ताणाचा विषय निघाला की नागरी समाजाच्या डोळ्यांसमोर सीमा, बर्फ आणि चकमकी उभ्या राहतात. प्रत्यक्षात या ताणाचे मूळ पुष्कळदा शेकडो मैलांवरच्या घरात असते. बांधावरून पेटलेली भाऊबंदकी, कर्ज, पती-पत्नींमधील बेबनाव, वृद्ध आई-वडिलांचे आजारपण ही त्याची नेहमीची कारणे. पूर्वी हे सारे आंतर्देशीय पत्रातून कित्येक दिवसांनी कळे. आता सायंकाळी झालेले भांडण भ्रमणध्वनीवरून त्याच रात्री चौकीवर पोहोचते आणि रजा मंजूर होईपर्यंत जवानाच्या हाती काहीच नसते.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यांत लष्करातील ६४२, हवाई दलातील १४८ आणि नौदलातील २९ जण होते. (लष्कराचे संख्याबळ कितीतरी मोठे असल्याने हे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत.)

मदत मागण्यातील खरी अडचण वैद्यकीय श्रेणीची आहे. सैनिकाची तंदुरुस्ती 'शेप' या इंग्रजी शब्दाच्या पाच अक्षरांनी मोजली जाते. पहिले अक्षर मानसिक स्वास्थ्याचे, पुढची श्रवणशक्ती, हातपाय, शारीरिक प्रकृती आणि दृष्टी यांची. 'शेप-वन' म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. मनोविकारावर उपचार सुरू झाले की पहिल्या अक्षराची श्रेणी खालावू शकते आणि तिच्याबरोबर नेमणूक व बढतीही अडू शकते. मोडलेला पाय कोणी लपवीत नाही; उडालेली झोप मात्र लपविली जाते. ही भीती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच केवळ व्याख्यानांनी ती जात नाही.

कायद्याचीही साथ अपुरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले. दंडसंहितेतील कलम ३०९ ची सरसकट तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरली नाही. परंतु १९५० च्या लष्कर कायद्यातील कलम ६४ मध्ये असा प्रयत्न अपराध म्हणूनच नमूद आहे.

उपाय झाले नाहीत असे नाही. प्रत्येक जवानाला एक सोबती नेमून देणारी 'बडी' पद्धत, पलटणीतील धर्मशिक्षक आणि प्रशिक्षित समुपदेशक यांचा आधार असतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ पासून सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'टेलि-मानस'चा स्वतंत्र कक्ष प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात आला. घरच्या कज्ज्यांसाठी १९२५ चा भारतीय सैनिक (खटले) अधिनियम आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या, न्यायालयात प्रतिनिधी नसलेल्या सैनिकाविरुद्धचे कामकाज त्यानुसार थांबविता येते. तो फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमिनीच्या तक्रारीसाठी पत्नी किंवा वडीलही जाऊ शकतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये आरंभिलेली 'वीर परिवार सहायता योजना' याच कामासाठी आहे.

धोक्याच्या खुणा बहुधा घरच्यांनाच आधी जाणवतात. रजेवर आलेला जवान कोणाशी बोलेनासा होतो, मद्यपान वाढते, "माझा तुम्हाला भारच आहे" असे शब्द तोंडी येतात, किंवा तो अकारण निरवानिरवीची भाषा करू लागतो. अशा वेळी आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये आणि जवळच्या लष्करी वा सरकारी रुग्णालयात न्यावे. घरी राहिलेल्या पत्नीच्या मनावरचा ताण तर कोणत्याच श्रेणीत मोजला जात नाही. तिच्यासाठीही हीच मदत खुली आहे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून अहोरात्र चालू असतो व त्यावर मराठीतून बोलता येते.