माणसाळलेला नाग

चकलीच्या तबकाशेजारी सापाचा विषय काढतो आहे, त्याबद्दल वाचकभगिनींची आधीच क्षमा मागतो. पण आमच्या नातवाला साप पाळायचा आहे. "रोज हातात घेतला की तो माणसाळतो, आजोबा," असे त्याचे म्हणणे.

लहानपणी आमचेही तेच मत होते. नागपंचमीला सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात गारुडी येई. टोपलीतून नाग काढी आणि म्हणे, "माझ्या लेकरासारखा आहे, माय." आम्ही पोरे फण्यावरून हात फिरवीत असू. आजी मात्र दुधाची वाटी उंबऱ्याबाहेर ठेवून दोन पावले मागे सरे. त्या 'लेकराचे' विषदंत उपटलेले असत, आणि तहानेने व्याकुळ झाल्यामुळेच ते दूध पीत असे, हे पुष्कळ वर्षांनी कळले. तो डोले तोही सुरांवर नव्हे. सापाला बाहेरचा कान नाही, पुंगी हलेल तिकडे त्याची नजर जाई. आणि उपटलेले दात पुन्हा येतात. हे विसरणारा गारुडी प्राणाला मुके.

मग १९८० साल उजाडले. नीलिमकुमार खैरे नावाचा पुण्याचा तरुण बहात्तर विषारी साप घेऊन काचेच्या खोलीत बहात्तर तास बसला. गावभर एकच चर्चा! कुणी म्हणे मंत्र, कुणी म्हणे मुळी. एकही दंश न होता तो बाहेर आला. आता नाग, घोणस, मण्यार अशा मंडळींना तीन दिवसांत कोण माणसाळवणार? डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हेच त्याला दाखवायचे होते. शिस्त होती ती त्या माणसाच्या हालचालींना. पुढे १९८६ साली महानगरपालिकेच्या साह्याने कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, त्यामागेही खैरेच.

तरी नातवाचे सारेच खोटे नाही. वारंवार सावकाश हाताळलेला साप हळूहळू फूत्कारणे, झेपावणे कमी करतो. या हाताने धोका नाही, एवढे तो शिकतो. मात्र याला सराव म्हणावे, लळा नव्हे. कात टाकण्याआधी डोळे धुरकट झाले, किंवा हाताला भक्ष्याचा वास आला, की तो सराव क्षणात विरतो. शिवाय जातीजातीचा स्वभाव निराळा: मांडूळ मुळातच गरीब, धामण मुळातच तापट. नागही पुष्कळदा तोंड मिटून नुसता फणा आपटतो. तेवढी सूचना पुरे असते. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये नाग घरात ठेवणे गुन्हाच.

हे सारे ऐकवूनही नातू ऐकेना, तेव्हा त्याला कात्रजला नेले. काचेला नाक लावून तो अर्धा तास उभा होता. नागाने ढुंकूनही पाहिले नाही.

परतताना बसमध्ये बराच वेळ गप्प होता. स्वारगेट आल्यावर म्हणाला, "आजोबा, मांजर चालेल?"