रक्तातील साखरेचा हिशेब

रोगांना नावे देताना आपल्या पूर्वजांनी सहसा रसिकता दाखविलेली नाही. पण एका रोगाच्या बाबतीत मात्र त्यांनी अपवाद केला आणि त्याला ‘मधुमेह’ असे गोड नाव दिले. प्रमेहाच्या वीस प्रकारांतला हा एक. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, ही गोष्ट आयुर्वेदाच्या संहिताकारांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. इंग्लंडात टॉमस विलिस याने या गोडीची नोंद केली ती १६७४ साली, आणि ती गोडी साखरेचीच आहे हे मॅथ्यू डॉब्सनने दाखविले ते १७७६ मध्ये.

सुश्रुताने याहूनही मार्मिक गोष्ट सांगून ठेवली आहे. तो म्हणतो, प्रमेह दोन तऱ्हांचा: एक जन्मतःच बरोबर आलेला, दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. निर्धन रोग्याला त्याने सांगितलेला उपचार मोठा झणझणीत आहे. त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने चालत जावे. नाही तर शेत कसावे, विहीर खणावी! स्थूल रोग्याला विहीर खणून खरोखरच गुण आला असेल. कृश रोग्याला मात्र विहीर खणून काय होणार? त्याच्यासाठी त्या काळी कोणापाशीच काही नव्हते, आणि पुढची कित्येक शतकेही नव्हते. पॅरिस आणि लंडनच्या नामांकित डॉक्टरांचे हातही त्या बाबतीत सुश्रुताइतकेच रिकामे होते.

या पहिल्या, कृश रोग्याची कथा मला सांगावयाची आहे. आपल्या घरोघरी आढळतो तो मधुमेह बहुतांशी पहिल्या घराण्यातला नव्हे, हे खरे. पण साखर वर का जाते, खाली का येते आणि ती ताळ्यावर आणायची कशी, हे सगळे धडे जगाने ज्यांच्यापासून घेतले ते रोगी म्हणजे ही वाळत चाललेली मुले होत.

१९१९ साली अमेरिकेतील एका थोर घराण्यात हा रोग शिरला. चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर, सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. १९१६ साली अध्यक्षपद थोडक्या मतांनी त्यांच्या हातून निसटले होते. त्यांची धाकटी मुलगी एलिझाबेथ त्या वेळी अकरा वर्षांची होती. तिला फार तहान लागू लागली, ती वाळू लागली, आणि निदान झाले. तिला डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्याकडे नेण्यात आले.

अ‍ॅलन यांची उपचारपद्धती एका वाक्यात सांगता येते: ज्या शरीराला अन्न पचवून उपयोगात आणता येत नाही, त्याला अन्नच देऊ नये. एलिझाबेथला प्रथम आठवडाभर उपाशी ठेवले. मग दिवसाला चारशे ते सहाशे उष्मांकांचे अन्न, आणि आठवड्यातून एक दिवस संपूर्ण लंघन. भाज्या तीनतीनदा उकळून, पाणी फेकून देऊन वाढायच्या, म्हणजे त्यातला पिष्टाचा अंशही निघून जाईल. प्रत्येक घास तराजूवर. आपल्याकडच्या कडक एकादश्या यापुढे मेजवानीसारख्या वाटतील. अ‍ॅलन यांना पुष्कळांनी निर्दय म्हटले. मला तसे म्हणवत नाही. या मुलांना वर्षभरही आयुष्य नसे. अ‍ॅलन यांनी त्यांना उपासमारीच्या मोबदल्यात दोन-तीन वर्षे मिळवून दिली, आणि त्या दोन-तीन वर्षांनाच पुढे केवढी किंमत आली ती आपण पाहणारच आहोत.

परंतु या पद्धतीने एक वाईट गोष्ट रुजवली. मूत्रात साखर दिसली की रोग्याने चोरून खाल्ले असले पाहिजे, असा संशय प्रथम येई. अ‍ॅलन यांच्या एका रोग्याची हकीकत नमुन्यादाखल सांगतो. बारा वर्षांचा मुलगा, रोगाने दृष्टी गेलेली, इस्पितळाच्या खोलीत बंद. अन्न तर डॉक्टरांच्या हातचे, तरीही साखर उतरेना. शेवटी उलगडा झाला: हा पोर दात घासण्याची पेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे खात होता! डॉक्टरांनी ते अपराधासारखे नोंदविले. आज वाचताना वाटते, अपराध कसला, भूक होती. मूत्राच्या नळीत साखर शोधायची आणि सापडली की रोग्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, ही रीत पुढे अर्धे शतक टिकली. एलिझाबेथने मात्र कधी चोरून खाल्ल्याचे फारसे ऐकिवात नाही. तिचे वजन उपचार सुरू झाले तेव्हा ७५ पौंड होते. तीन वर्षांनी, पंधरावे वर्ष पुरे होता होता, ते ४५ पौंडांवर आले होते.

मधल्या काळात टोरांटोला काय घडले ते बहुश्रुत वाचकांना ठाऊकच आहे. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह जडतो, हे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ सालीच दाखविले होते. त्या पिंडातला नेमका अर्क काढण्याचा ध्यास फ्रेडरिक बँटिंग या तरुण शल्यवैद्याने घेतला. १९२१ च्या उन्हाळ्यात मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बेस्ट या विद्यार्थ्याला हाताशी धरून त्याने कुत्र्यांवर प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन टोचले. ते फसले, गळू मात्र झाले. मग कॉलिप या रसायनज्ञाने अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला. चोवीस तासांत रक्तातील साखर ५२० वरून १२० वर उतरली. तेच इन्सुलिन.

एलिझाबेथच्या आईने बँटिंगला पत्र घातले. प्रथम नकार आला, कारण अर्क पुरेसा नव्हता. मग होकार आला आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला पोहोचली. केस विरळ, कातडी कोरडी, चालणेही मुष्किलीचे. काही आठवड्यांतच ती दिवसाला दोन हजारांवर उष्मांक खाऊ लागली. तीन वर्षांनी तिच्या ताटात पाव आला. सुमारे साडेतीन महिन्यांनी ती घरी परतली ती हसती-खेळती मुलगी म्हणून.

गोष्टीची पुस्तके येथे संपतात. रोग्याची गोष्ट मात्र येथूनच सुरू होते.

इन्सुलिनने साखर उतरते; पण ती किती उतरेल यावर इन्सुलिनचा ताबा नाही. कॉलिपने सशांना अर्क टोचून पाहिला, तेव्हा काही ससे झटके येऊन कोसळले. त्यांच्या अंगात ग्लुकोज घालताच ते पुन्हा टुणटुण उड्या मारू लागले. साखर फार झाली तर माणूस महिन्यामहिन्यांनी झिजतो. फार कमी झाली तर मिनिटांत त्याला घाम फुटतो, हात कापतात, डोके फिरते आणि शुद्ध हरपते. नव्या औषधाने नवा रोगच जन्माला घातला म्हणा ना! त्यात आरंभीचा अर्क एका बाटलीत जहाल, तर दुसरीत पाण्यासारखा. १९२२ च्या वसंतात तर काही काळ खुद्द कॉलिपलाच तो पुन्हा बनविता येईना. म्हणजे कालचीच मात्रा, कालचेच जेवण, आणि तरीही आजचा परिणाम निराळा.

पुढे बाटल्या सारख्या झाल्या. माणसे मात्र सारखी होत नाहीत. चार पावले जास्त चालणे, थोडा ताप, परीक्षेची धास्ती, रात्रीची मोडलेली झोप, एवढ्याने रक्तातील साखर हलते, कारण यकृत आपल्या कोठारातली साखर भीतीच्या किंवा आजाराच्या हाकेसरशी रक्तात ओतते. नव्या रोग्याच्या बाबतीत तर आणखी एक चकवा असतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर पिंडातल्या उरल्यासुरल्या पेशींना विसावा मिळतो, त्या काही महिने पुन्हा कामाला लागतात आणि औषधाची गरज एकदम उतरते. घरचे म्हणतात, बरा झाला! मग एके दिवशी साखर पुन्हा चढते आणि तेच घरचे विचारतात, काय खाल्लेस?

हे सारे ज्याने डॉक्टर म्हणून आणि रोगी म्हणून, दोन्ही अंगांनी भोगले, असा एक मनुष्य त्या काळात होऊन गेला. त्याचे नाव रॉबिन लॉरेन्स. १९२० साली हा तरुण स्कॉटिश शल्यवैद्य हाडावर छिन्नी चालवीत असताना कपची डोळ्यात उडाली; डोळा चिघळला आणि तपासणीत मधुमेह निघाला. मरणाचा त्रास घरच्यांना नको म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिला आणि तेथे थोडीफार वैद्यकी करीत दिवस मोजू लागला. १९२३ च्या मे महिन्यात लंडनहून त्याच्या मित्राची तार आली: इन्सुलिन हाती आले आहे, गुण येतो, त्वरित निघ. पायांत बळ नाही अशा स्थितीत हा गृहस्थ मोटार हाकीत लंडनला पोहोचला आणि ३१ मे रोजी त्याने पहिले इंजेक्शन घेतले. त्यानंतर तो पंचेचाळीस वर्षे जगला.

लॉरेन्सचे मोठेपण त्या जगण्यापेक्षाही त्याने केलेल्या हिशेबात आहे. त्याने अन्नाचे काळे आणि लाल असे भाग पाडले. काळा भाग म्हणजे दहा ग्रॅम पिष्ट किंवा साखर. लाल म्हणजे साडेसात ग्रॅम प्रथिन आणि नऊ ग्रॅम स्निग्ध. काळ्याच्या बदली काळा खा, लालाच्या बदली लाल. पावाचा तुकडा नको असेल तर तेवढ्या मापाचे फळ घ्या. किती साधी गोष्ट! पण ‘हे वर्ज्य, ते वर्ज्य’ या भाषेच्या जागी ‘याच्या बदली ते’ ही भाषा आली आणि रोग्याला चारचौघांच्या पंगतीत बसता येऊ लागले. आपल्या फराळाच्या ताटाला हा हिशेब लावून पाहावा. लाडू गोड म्हणून बाजूला सारायचा आणि चकली तिखट म्हणून चार उचलायच्या, हा आपला नेहमीचा न्याय. तांदळाची चकली पोटात गेल्यावर तीही साखरच होते. लॉरेन्सच्या वहीत ती काळ्याच रकान्यात पडली असती.

त्याच्या रोग्यांत ‘अदृश्य माणूस’ लिहिणारे एच. जी. वेल्स होते. या दोघांनी १९३४ साली मधुमेह्यांची संघटना काढली. कारखानदार, शिक्षक, कारकून आणि डॉक्टर यांनी एका टेबलाशी बसून आपल्या रोगाविषयी बोलावे, हे त्या काळी नवलाचेच होते.

तरीही एक अडचण उरलीच होती. हिशेब करायचा तर जमेची रक्कम कळली पाहिजे, आणि ती कळत नव्हती. घरी तपासायला होते फक्त मूत्र. बेनेडिक्टचे निळे द्रावण नळीत घ्यायचे, त्यात आठ थेंब टाकायचे, उकळायचे आणि रंग पाहायचा: निळा म्हणजे साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आपल्याकडेही कित्येक घरांच्या मोरीशेजारी ही नळी आणि स्पिरिटचा दिवा असे, आणि विटकरी रंग निघाला की घरात गंभीर चेहरे होत. पण रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेल्याखेरीज मूत्रपिंड ती बाहेर टाकीत नाही. म्हणजे निळा रंग १७० लाही तोच आणि जीव घाबरा करणाऱ्या ४० लाही तोच! शिवाय मूत्र सांगते ते काही तासांपूर्वीचे. अशा साक्षीदाराच्या जबानीवर पन्नास वर्षे रोग्यांना शिक्षा झाल्या.

हे कोडे एका इंजिनियराने फोडले. रिचर्ड बर्नस्टाइन यांना १९४६ साली, वयाच्या बाराव्या वर्षी हा रोग झाला. १९६९ च्या सुमारास बोटाच्या थेंबावर रक्तशर्करा मोजणारे एक यंत्र निघाले. ते इस्पितळांसाठी होते, रोग्याला विकत मिळत नसे. त्यांची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर यंत्र मागवून या गृहस्थाने दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःचे रक्त मोजावयास सुरुवात केली. आढळले ते असे की, डॉक्टरांचे सारे ऐकूनही आपली साखर ४० च्या खाली आणि ४०० च्या वर असे झोके रोज घेत आहे. केव्हा, कशाने, किती, हे मांडीत मांडीत त्यांनी ते झोके आवरले. आपले निष्कर्ष त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविले, पण डॉक्टर नसलेल्याचे कोण छापतो? तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊनच बाहेर पडले. या हट्टाचे मला फार कौतुक वाटते.

पुढे अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षे १४४१ रोग्यांवर मोठी पाहणी झाली. वारंवार रक्त मोजून साखर आटोक्यात ठेवणाऱ्यांत डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडाचा ५० टक्क्यांनी आणि मज्जातंतूंचा ६० टक्क्यांनी घटला. मात्र याच गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग तिपटीने वाढले, हेही त्याच पाहणीने प्रामाणिकपणे सांगितले. आता दंडावर चिकटविलेले बोटभर यंत्र दर काही मिनिटांनी आकडा दाखविते, आणि तो चढता आहे की उतरता तेही.

एलिझाबेथ ह्यूजने हा काळ जेमतेम पाहिला. तिचे लग्न झाले, तीन मुले झाली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहास-मंडळाची ती संस्थापक झाली. पण आपल्या रोगाचा उल्लेख तिने आयुष्यभर चारचौघांत केला नाही, वडिलांच्या कागदपत्रांतूनही तो काढून टाकला. इन्सुलिनच्या शोधाचा इतिहास लिहिणारे मायकेल ब्लिस १९८० च्या सुमारास तिचा माग काढीत गेले, तेव्हा ती हयात आहे हे पाहून तेच चकित झाले. १९८१ साली ती वारली. तोवर तिने बेचाळीस हजारांच्या आसपास इंजेक्शने घेतली असावीत, असा अंदाज आहे. टोरांटोहून पंधराव्या वर्षी आईला लिहिलेली तिची पत्रे मात्र तिने नष्ट केली नाहीत. ती आता टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.