तगरची वाट

बार्शीहून लातूरकडे जाताना ढोकी लागते. तेथून थोडे आत, तेरणा नदीच्या काठी, तेर हे गाव वसले आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि भाविक जातात ते बहुधा त्यांच्या समाधीच्या दर्शनास. आम्ही धर्मग्रामातील काही मंडळी गेलो ती मात्र त्रिविक्रमाचे देऊळ पाहावयास.

प्रथमदर्शनी त्यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही. पुढे सपाट छपराचा मंडप आणि मागे विटांची जुनी इमारत, एवढेच. परंतु वळसा घालून मागे गेले म्हणजे ध्यानात येते की, मागची भिंत अर्धवर्तुळाकार आहे आणि वरचे छप्पर उपड्या नावेसारखे लांबट व कमानदार आहे. आपल्या कित्येक जुन्या ख्रिस्तमंदिरांत वेदीमागची भिंत अशीच वळलेली असते. यावरून कोणी भलता तर्क करू नये. कार्ले-भाजे येथील चैत्यगृहांची घडणही हीच आहे. पुराणवस्तुसंशोधन खात्याचे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही वास्तू तपासली, तेव्हा ही मूळची बौद्धांची असून पुढे वैष्णवांनी देऊळ केले, असे मत त्यांनी दिले. ते सर्वांस मान्य नाही. आरंभापासूनच हे देऊळ होते असे म्हणणारेही विद्वान आहेत.

वास्तूपेक्षाही मोठी गोष्ट गावाच्या नावाची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे संत पौल करिंथकरांस पत्रे लिहीत होते त्या सुमारास, मिसर देशात राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने एक प्रवासपुस्तक लिहिले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव मात्र राहिले नाही. त्यात तो सांगतो की, भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीक आणि तगरहून जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, जेथे धड रस्ता नाही अशा मुलखातून, भडोचला येत असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. भडोचच्या खाडीतील भरती-ओहोटीचे भय हा व्यापारी असे बारकाईने वर्णितो की, ते त्याने स्वतः पाहिले असावे. घाटावरचा मुलूख मात्र त्याने ऐकून लिहिला, असे वाटते. ती वाट खरी चालले ते गाडीवान. त्यांच्याविषयी कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत.

हे तगर कोणते, यावर पंडितांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हणाले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सांगितले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखविले. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणून डॉ. फ्लीट यांनी आधी कोल्हापूर ठरविले होते. पुढे १९०१ साली त्यांनीच ते मत सोडून तेर हेच तगर असे प्रतिपादिले. आपले छापलेले मत असे मोकळेपणाने मागे घेणारा पंडित विरळा!

आम्ही नकाशावर अंतर मोजून पाहिले. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे २१५ मैल आणि पैठण ते तेर सुमारे ९५ मैल भरते. म्हणजे दोन्ही टप्प्यांत दिवसाला दहा मैलांच्या आसपास वाट होते, आणि लादलेल्या बैलगाडीची चाल तितकीच असते. दिशेत मात्र व्यापारी चुकला: तेर पैठणच्या थेट पूर्वेस नसून बरेच दक्षिणेकडे आहे.

आमच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी देवळाच्या पायरीवर बसून विचारले, "मग प्रेषितांपैकी कोणी या वाटेने आले असेल काय?" या प्रश्नाचे आकर्षण आम्हा सर्वांस होते. युसेबियस लिहितो की, दुसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाचे पांतेनस हिंदुस्थानास गेले, तेव्हा प्रेषित बर्थलमय यांनी ठेवलेले मत्तयकृत शुभवर्तमान त्यांस तेथे आढळले. सहाव्या शतकात कॉस्मस 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणात नेमला जातो, असे नोंदवितो. हे आपले कल्याण, असे पुष्कळांचे मत आहे, सर्वांचे नाही. परंतु हे सारे बंदरांविषयी झाले. तेरच्या मातीतून ख्रिस्ती खूण निघाल्याचे आमच्या वाचनात नाही, आणि जे निघाले नाही ते महोत्सवाच्या स्मरणपुस्तकात छापून नातवंडांच्या हाती देणे योग्य नव्हे. "आले असतील" याचे "आले होते" व्हावयास एक पिढी पुरते. तेवढ्यासाठीच हे येथे लिहून ठेविले आहे.

गावातील रामलिंगप्पा लामतुरे या व्यापारी गृहस्थांनी शेतांतून व ओढ्यांतून सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांचे सरकारी संग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे. मातीच्या बाहुल्या, मणी, रोमन धर्तीचे दिवे असे बरेच काही तेथे आहे. त्यातील एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती अवश्य पाहावी. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ती मूर्ती कोणत्या गाडीतून, कोणत्या गलबतातून तेथवर गेली असेल! आमचे वृद्ध गृहस्थ काचेपुढे बराच वेळ उभे होते.

ज्यांस तेरला जाणे घडेल त्यांनी संग्रहालय आधी पाहावे व देऊळ मागाहून. आम्ही उलटे केले, आणि देवळाच्या मागच्या भिंतीपाशी आम्हास पुन्हा एकवार जावे लागले.