मातेचे प्रतिपिंड आणि नवजात अर्भक : प्रीएक्लॅम्प्सियाविषयक वैद्यकीय विचाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढणे आणि त्यासोबत मूत्रावाटे प्रथिने जाणे अथवा मूत्रपिंड, यकृत यांसारख्या अवयवांवर परिणाम होणे, या अवस्थेस प्रीएक्लॅम्प्सिया असे म्हणतात. झटके येऊ लागले की तीच अवस्था एक्लॅम्प्सिया ठरते. विसाव्या शतकात दीर्घकाळ या विकारास 'टॉक्सिमिया' म्हणजे विषरक्तता असे नाव होते. नाव केवळ वर्णनात्मक वाटते. परंतु त्यात एक निवाडा दडलेला आहे. मातेच्या रक्तात विष आहे, असे ते नाव सांगते. प्रत्यक्षात असे विष कोणासही सापडले नाही. प्रस्तुत निबंधात या 'विषा'च्या शोधाकडून मातेच्या प्रतिपिंडांपर्यंत वैद्यकीय विचार कसा आला आणि त्या प्रवासात नवजात अर्भकाचा प्रश्न इतक्या उशिरा का उपस्थित झाला, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखिका वैद्यकाची नव्हे, इतिहासाची अभ्यासक आहे. त्यामुळे येथील भर उपचारांवर नसून विचारांच्या वाटचालीवर आहे.

विषाचा शोध :

फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रान्स्वा मॉरिसो याने सतराव्या शतकातच नोंदवले होते की, गर्भिणीला येणाऱ्या झटक्यांचा धोका पहिलटकरणीस अधिक असतो. हे निरीक्षण आजही खरे आहे. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयात जॉन लीव्हर यांना झटके येणाऱ्या स्त्रियांच्या मूत्रात अल्ब्युमिन आढळले. याच रुग्णालयात रिचर्ड ब्राइट यांनी मूत्रपिंडाच्या विकाराचे वर्णन केले होते, आणि लीव्हर यांना दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या शरीरावरील सूज सारखी वाटली. मात्र प्रसूतीनंतर हे अल्ब्युमिन नाहीसे होते, हेही त्यांच्या ध्यानात आले. रक्तदाबाशी असलेला संबंध स्पष्ट होण्यास १८९७ साल उजाडले. वाके आणि नोबेकूर या फ्रेंच वैद्यांनी तो दाखवून दिला.

'प्रसूतीनंतर नाहीसे होते' या निरीक्षणाचा परिणाम दूरगामी झाला. बाळ व वार बाहेर पडली की रोग संपला, अशी धारणा दृढ झाली. ती मातेपुरती बऱ्याच अंशी खरी होती. पण त्याच क्षणी दुसरा रुग्ण जन्मास येत होता आणि त्याची गणना बहुधा 'अकाली जन्म', 'कमी वजन' अशा वेगळ्या रकान्यांत होत राहिली. आईची व बाळाची नोंद अशी वेगवेगळ्या ठिकाणी पडली की त्या दोहोंमधील दुवा अभ्यासकाच्या हाती सहसा लागत नाही.

दरम्यान कारणांविषयीचे तर्क इतके वाढले की १९१६ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ पाउल त्स्वाइफेल यांनी या विकारास 'सिद्धान्तांचा रोग' म्हटले. हे विशेषण पुढेही लागू पडत राहिले. १९८३ मध्ये तर एका सूक्ष्म कृमीस या रोगाशी जोडणारा शोध प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो कृमी म्हणजे नमुना तयार करतानाचा निव्वळ दोष असल्याचे लवकरच उघडकीस आले.

गुंज, एरंड आणि उंदीर :

प्रतिपिंडांचा धागा मात्र पूर्णतः वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. १८९२ मध्ये बर्लिन येथे पाउल एर्लिख यांनी उंदरांवर काही प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी वापरलेली विषे आपल्या परिचयाच्या वनस्पतींतील होती : गुंजेतील अॅब्रिन आणि एरंडाच्या बीतील रिसिन. या विषांना सरावलेल्या मादीची पिले जन्मतःच काही काळ सुरक्षित राहतात, असे त्यांना दिसले. नराकडून ही शक्ती पिलांत येत नव्हती. पिलांची अदलाबदल करून, म्हणजे सरावलेल्या मादीचे दूध सामान्य मादीच्या पिलांना पाजून, त्यांनी दुधाचा वाटाही सिद्ध केला. पिलांना लाभलेले हे संरक्षण काही आठवड्यांत ओसरत असे. तेव्हा ही आनुवंशिकता नव्हती. मातेने दिलेली तात्पुरती शिदोरी होती.

त्याच एर्लिख यांनी पुढे असे प्रतिपादन केले की, शरीर स्वतःच्याच घटकांवर हल्ला करण्याचे टाळते. या मताचा प्रभाव अनेक दशके टिकला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गंमत अशी की, माता आपले प्रतिपिंड अपत्यास देते हा त्यांचा पहिला निष्कर्ष आणि शरीर स्वतःविरुद्ध जात नाही हा दुसरा, हे दोन्ही प्रीएक्लॅम्प्सियाच्या प्रश्नात समोरासमोर येतात.

मातेकडून येणारा प्रतिपिंड बाळास अपायकारकही ठरू शकतो, हे ऱ्हीसस रक्तगटाने प्रथम ठळकपणे दाखवले. १९३९ मध्ये लेव्हिन व स्टेट्सन यांनी मृत बालकास जन्म देणाऱ्या एका स्त्रीच्या रक्तातील असामान्य प्रतिपिंडाची नोंद केली. १९४१ पर्यंत लेव्हिन यांनी अर्भकाच्या रक्तपेशी नष्ट होण्याचे कारण त्यात शोधले. पुढे १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन वापरात आले. येथे तर प्रतिपिंड हेच औषध झाले. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अॅडम्स व पर्व्हिस यांना थायरॉइड ग्रंथी उत्तेजित करणारा घटक रक्तात सापडला. तो प्रतिपिंड असल्याचे नंतर स्पष्ट झाले. अशा मातेच्या बाळास काही आठवडे थायरॉइडचा त्रास होऊ शकतो आणि आईचा प्रतिपिंड ओसरला की तो शमतो. प्रतिपिंड केवळ नाश करतो असे नाही, तो ग्राहीला चिकटून त्यास 'चालू'ही करतो, ही कल्पना आता रुजली होती.

बर्लिन, १९९९ :

गर्भिणीच्या शरीरात अँजिओटेन्सिन या रक्तदाब वाढविणाऱ्या द्रव्यास सहसा सौम्य प्रतिसाद मिळतो. १९७३ मध्ये अमेरिकेतील गँट व सहकाऱ्यांनी दाखवले की, पुढे ज्यांना हा विकार होणार आहे त्या स्त्रियांत ही सौम्यता रक्तदाब वाढण्याच्या कित्येक आठवडे आधीच हरपते. कारण मात्र उमगत नव्हते. १९९९ मध्ये बर्लिनमधील वालुकाट व सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या २५ स्त्रियांच्या रक्तातील प्रतिपिंड उंदराच्या नवजात पिलांच्या हृदयपेशींवर टाकले. पेशींचे ठोके वाढले. हे स्वप्रतिपिंड अँजिओटेन्सिनच्याच ग्राहीला उत्तेजित करीत होते. निरोगी गर्भिणींच्या आणि केवळ जुना रक्तदाब असलेल्या गर्भिणींच्या रक्ताने तसे घडले नाही. एर्लिख यांच्याच नगरीत, सुमारे एका शतकानंतर, त्यांच्या दुसऱ्या प्रतिपादनाला हा छेद मिळावा, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

२००८ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे अशा स्त्रियांचे प्रतिपिंड गाभण उंदरिणींना टोचण्यात आले. त्यांचा रक्तदाब वाढला, मूत्रात प्रथिने दिसली, वारेस इजा झाली आणि गर्भ खुजे राहिले. याच गटाच्या २००९ च्या अभ्यासात हे प्रतिपिंड मानवी नाळेच्या रक्तातही आढळले. लीव्हर यांच्या काळापासून चालत आलेली 'वार पडली की रोग संपला' ही धारणा येथे अपुरी ठरते. वार बाहेर पडते. पण बाळाच्या रक्तात शिरलेला प्रतिपिंड त्याच्याबरोबर घरी जातो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मातेचे संरक्षक प्रतिपिंड मुख्यत्वे गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत बाळाकडे जातात. २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास बाळातील प्रमाण मातेच्या निम्म्याच्या आसपास असते. पूर्ण दिवसांच्या बाळात ते मातेहूनही अधिक होते. प्रीएक्लॅम्प्सियामुळे प्रसूती लवकर करावी लागली, तर बाळाची ही शिदोरी अर्धवट राहते. म्हणजे अपायकारक अंश आला आणि संरक्षक अंश पुरता आला नाही, असा दुहेरी तोटा संभवतो.

तथापि येथे सावधगिरी आवश्यक आहे. बाळावरील परिणामांचा सबळ पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांतला आहे. मानवी बाळांत अकाली जन्म, कमी वजन आणि वारेचा अपुरा रक्तपुरवठा हे सर्व एकाच वेळी असते. त्यांतून प्रतिपिंडाचा वाटा वेगळा काढणे अत्यंत कठीण आहे. २००३ मध्ये बोस्टनमधील अनंत करुमंची व सहकाऱ्यांनी वारेतून स्रवणाऱ्या एका प्रथिनाचा आधिक्याशी संबंध दाखवला, आणि वैद्यकाचे लक्ष मोठ्या प्रमाणावर तिकडे वळले. ते प्रथिन साध्या रक्तचाचणीत मोजता येते, तर प्रतिपिंड मोजण्याची मूळ रीत धडधडणाऱ्या पेशींचे ठोके मोजण्याची आहे. कोणता सिद्धान्त प्रचलित होतो, हे कधी कधी काय मोजणे सोपे आहे यावरही अवलंबून असते, असे इतिहासाच्या अभ्यासकास वाटल्यावाचून राहत नाही.

उपचारांतही हीच अडचण दिसते. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका सुमारे निम्म्याने घटला. बाळांच्या मृत्यूंत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. उंदरिणींमध्ये प्रतिपिंडाचा परिणाम रोखणारे लोसार्टन हे औषध गर्भाच्या मूत्रपिंडास घातक असल्याने गर्भिणीस देता येत नाही.